कॅमेऱ्यासमोर उलट्या पायांनी

आज मी जळतेय मंडळी, आणि ते लपवणार नाही.

चार वर्षांपासून एक कादंबरी लिहून राहिले आहे. तिच्यातल्या शहरात प्रत्येक माणसावर कॅमेऱ्याची नजर असते. एक दिवस नायिका हातोडा घेते आणि कॅमेरा फोडते. आज दुपारी मूल गावच्या वाचनालयात मी तेच प्रकरण वाचलं. टाळ्याही पडल्या.

मग वनिताबाई बोलल्या. जंगलाला लागून त्यांचं गाव, मोहफुलं वेचतात. आमच्या वाचन-लेखन गटात आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

“फोडला काऊन? उद्या दुसरा लावतीन. आमच्या जंगलात वाघासाठी कॅमेरे हायेत, त्यात आमीबी दिसतो, अन् आमाले तं आत जायाची बंदी हाये. म्हून आत जाताना त्याच्यासमोरून उलट्या पायानं चालतो. फोटोत दिसते, बाया घरी चालल्या.”

“पण टोपल्या रिकाम्या दिसत असतील ना?” मी खवचटपणे विचारलं.

“मंग तं फारेस्टचे साहेब अजून खुश!”

अख्खं वाचनालय हसलं. सगळे त्यांच्याभोवती जमले. माझं पुढचं प्रकरण कोणी मागितलंच नाही. चार वर्षांत मला असं काही सुचलं नाही हो!

निघताना त्यांनी माझा हात धरला. “ताई, तुमची थे बाई जिती राह्यते ना शेवटी?”

शेवटच्या पानावर मी तिला मारून ठेवलं आहे. घरी ऊर्जानगरला येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात होतं. आता तिला मारवत नाही, आणि त्याचाही राग वनिताबाईंवरच येतोय.

तुम्हीच सांगा, जगवू तिला? की हे श्रेयही त्यांनाच जाईल?