बयाबाईची डिगरी

दूध डोळ्यांना कायम पांढरंच दिसतं, असं बयाबाई म्हणते. ती म्हणते म्हणजे ऐकावं लागतं, कारण मढच्या अलीकडच्या तिच्या गावात डेअरीवर दोन्ही वेळचं दूध मापून घेणारी तीच. सरपंचाच्या किटलीतही ती दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी बुडवते, जिला सगळा गाव डिगरी म्हणतो. आकडा कमी दिसला की किटली परत. वर ऐकवते, "भाऊ, पाणी म्हशीला पाजायचं असतं, दुधाला नाय." तिच्या नादी कुणी लागत नाही.

अशा बाईला तिची एकुलती एक लेक वृषाली एका सकाळी म्हणाली, "आई, मी पहाटताऱ्यात बाप्तिस्मा घेणारे." बयाबाई किटल्या विसळत होती. तिनं पाणी तसंच वाहू दिलं.

पहाटतारा ही आळेफाट्याची प्रार्थनेची मंडळी. गॅरेजांच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं रविवारी जमतात. बयाबाईनं त्या शेडमध्ये सात वर्षं काढली होती. येशूवर तिचा कधीच राग नव्हता, आजही तिच्या उशाशी बायबल असतं. राग होता तो मेंढपाळावर. मंडळीचा प्रमुख स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायचा. त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी "आमेन" म्हणायचं. लेक कुठं द्यायची, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, वावरात कांदा लावायचा की बटाटा, सगळ्याला आमेन. खरे मेंढपाळ मेंढरांमागं भिजत चालतात, हा गडी पुढं खुर्चीत बसायचा. "नाय" हा शब्द त्या शेडमध्ये पाप होता.

बावीस वर्षांपूर्वी चार वर्षांची वृषाली तापानं फणफणली. मेंढपाळ म्हणाला, दवाखाना म्हणजे अविश्वास, नुसती प्रार्थना करा. सगळे आमेन म्हणाले. बयाबाई "नाय" म्हणाली, पोर खांद्यावर टाकली आणि भाजीच्या टेम्पोत बसून दवाखाना गाठला. पोर वाचली. बयाबाई मात्र "बाहेरची" झाली. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या पंगतीला बसायचं नाही, असा हुकूम निघाला. नवरा आधीच गेलेला. सख्खी थोरली बहीण साळुबाई मंडळीतच राहिली आणि त्या दिवसापासून एक शब्द बोलली नाही. बाजारात समोर आली की कोथिंबीर निवडत बसायची. डेअरीवर वाघीण असलेली बाई त्या कोथिंबिरीपुढं अजून हरते.

"आता थोरले मेंढपाळ वारले," वृषाली सांगत होती. "त्यांचे पुतणे राजरत्नभाऊ बघतात. ते स्वतःला मेंढपाळ म्हणवत पण नाहीत. जुन्या चुका त्यांनी उघड कबूल केल्यात. तुझं नाव घेऊन."

"म्हंजी दूध सुधारलं म्हणतेस. येत्या रविवारी मी येते आन डिगरी बुडवून बघते. पास झालं तर बाप्तिस्मा घे. नापास झालं तर तिकडं फिरकायचं नाय. कबूल?"

"तू म्हणशील तसं," वृषाली म्हणाली.

रविवारी राजरत्न दारापर्यंत सामोरा आला. चाळिशीचा, साधा माणूस. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "बयाबाई, या मंडळीनं तुमच्यावर अन्याय केला. तुमची पोर गेली असती. आम्ही चुकलो." बयाबाईनं मनाशी ठरवलं होतं की रडायचं नाही, तरी डोळे भरलेच. तेवढ्यात राजरत्नाला भरतं आलं. "आता पुढं या आणि म्हणा, मी क्षमा केली!"

"आमेन!" शेड दणाणली.

"नाय," बयाबाई म्हणाली. "आज नाय. मनात येईल तवा म्हणीन."

राजरत्नाचा चेहरा पडला. पण तो खाली बघत म्हणाला, "बरोबर आहे. मी मागायलाच नको होतं." आणि गुमान बसला. बयाबाईला वाटलं, पास. पण नळी डुलायची थांबल्याशिवाय आकडा वाचायचा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग जेवणं. मासवडी आणि रस्सा होता. लेक वाढायला गेली आणि बयाबाई पंगतीत टेकली. बघते तर दोन्ही अंगाला चार-चार ताटांची जागा मोकळी. कुणी सांगितलं नव्हतं. हाडांत मुरलेलं आपोआप झालं होतं. रश्शाची बादली घेऊन आलेल्या राजरत्नानं ते पाहिलं आणि तो भडकला. "हे काय चाललंय? उठा! सगळे त्यांच्याजवळ बसा!"

"आमेन!" म्हणत अख्खी पंगत ताटं घेऊन उठली.

बयाबाईला असं हसू फुटलं की ठसका लागला. "अवं राव, तुमी सांगितलं म्हणून उठले! उद्या दुसऱ्यानं हाकललं तर परत जातील!"

राजरत्नानं पळी बादलीत ठेवली. कोपऱ्यात एकच बाई उठली नव्हती. साळुबाई. तो हळू आवाजात म्हणाला, "आक्का, तुम्हीही या ना."

साळुबाईनं भाकरीचा घास मोडला. "नाय," ती म्हणाली. "सांगितलं म्हणून नाय यायची. धाकटी भन हाय माझी. माझी मी जाईन."

या वेळी आमेन कुणीच म्हणालं नाही. राजरत्न "बरं, आक्का" म्हणाला आणि त्यानं तिला रस्सा वाढला. साळुबाईनं हातातला घास संपवला, ताट उचललं, सगळी शेड ओलांडली आणि बयाबाईला खेटून बसली.

"रस्सा तिखट झालाय," बावीस वर्षांनी ती बोलली.

"लई," बयाबाई म्हणाली. मग दोघी रडल्या, आणि तिखटाचं निमित्त दोघींना पुरलं.

परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत वृषालीनं विचारलं, "मग? पास का नापास?"

"मेंढपाळ सुधारलाय. मेंढरं सुधारायची राहिलीत. एक सुधारलं, माझ्या डोळ्यादेखत."

"म्हणजे बाप्तिस्मा घेऊ का नको? तू म्हणशील तसं."

बयाबाई चमकली. तू म्हणशील तसं. कॉलेज कुठलं, साडी कुठली, नोकरी कुठली, प्रत्येक वेळी पोरीनं हेच म्हटलं होतं, आणि आईनं ते कौतुकानं ऐकलं होतं. हे घरातलं आमेनच की. दुसऱ्यांच्या किटल्या तपासणाऱ्या बाईला स्वतःची लाज वाटली. मग तिनं शेवटची डिगरी बुडवली.

"मी म्हणते, घेऊ नको."

वृषाली आईकडं वळून म्हणाली, "नाय, आई. मी घेणार."

बयाबाईला वाईटही वाटलं आणि अभिमानही, दोन्ही एकदमच.

"येळ आली तर असंच तिथंबी 'नाय' म्हणशील?"

"म्हणीन."

"मग घे," बयाबाई म्हणाली आणि तिनं एसटीला हात केला.