बोटीचा बयाणा

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आईची गवती हॅट आज माळ्यावर वाळवीच्या हातून निधन पावली. व्हिएतनामच्या सहलीत एकदा समुद्रात बोटीने फिरायचं, म्हणून तिने ती हौसेने घेतली होती. बोटवाल्या बाईने जागा राखायला बयाणा मागितला, तेव्हा चामराजपेटेत लग्नाच्या जेवणावळींची कंत्राटं घेणारा माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, गरजला, "परक्या देशात आधी पैसे? आधी बोट बघू!" आम्ही धक्क्यावर पोचलो आणि बयाणा भरलेल्या लोकांना घेऊन निघालेली बोट आम्हाला पाठमोरी दिसली. "सरी, असू दे, पुढच्या वर्षी येऊ," अण्णा म्हणाला. पुढच्या वर्षी आईचे गुडघे जिनासुद्धा उतरायला तयार नव्हते. त्या धक्क्यावर मात्र हॅटची नाडी सोडता सोडता तिच्या तोंडून निघूनच गेलं, "बयाणा न घेता तू आजवर कुणाच्या लग्नाचा भात शिजवलास रे?"