बांधावरची तिवई

मुलीने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. सोबत तिवई, म्हणजे कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी. घोडेगावच्या तहसील कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे कागद लावते, तेव्हा सकाळचा तास तरी स्वतःचा असावा म्हणून सूर्योदयाचे फोटो काढायचे ठरवले. आमचं शेत गावाबाहेर आहे. पूर्वेच्या बांधावरून आभाळ मोकळं दिसतं. आदल्या संध्याकाळी पिशवी भरून ठेवायची: बॅटरी, भिंगावरचं दव पुसायला मऊ फडकं, टॉर्च. दाराशी काठी. काठी बिबट्यासाठी. शेजारी ऊस उभा असला की आमच्याकडे कोणी काठीशिवाय निघत नाही.

पहिल्या आठवड्यातले सगळे फोटो सारखेच बिघडले. आभाळ सुरेख, नारंगी, जांभळं. खाली जमीन मात्र डांबरासारखी काळी. कारण शोधायला वेळ लागला नाही. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. चौकट उजळ आभाळाने भरलेली असली की त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. जमिनीवर रोखून उजेड मोजला तर उलटं होतं, जमीन दिसते आणि आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरं पडतं.

फोटो टाकून देण्याआधी मी ते संगणकावर उजळून पाहिले. काळ्या भागातून दाणेदार, करड्या रंगाची जमीन वर आली आणि बाभळीखाली एक माणूस उभा दिसला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोतही तो होता. तिसऱ्याही. चेहरा कळत नव्हता, पण एक खांदा खाली टाकून उभं राहायची ती पद्धत मी ओळखली. माझे चुलत दीर. बांधापलीकडचं वावर त्यांचं.

ते तिथे पहाटे का उभे राहतात, याचं एकच उत्तर मला सुचलं: बांधावर डोळा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ट्रॅक्टरने नांगरट केली तेव्हापासून बांध बारीक झालाय अशी माझी खात्री होती. आमच्याकडे बांध एका रात्रीत कोणी कोरत नाही. दर नांगरटीला वीतभर घेतात. हद्दीचा दगड अजून जागेवर होता, पण पुढची पाळी त्याचीच असणार. नवरा चाकणला कंपनीत, फक्त रविवारी घरी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, तू फोटो काढ, भांडू नकोस.

त्यानंतरच्या सकाळी आमच्या वाटेवर काटे पडले होते. बाभळीच्या ताज्या काटेरी फांद्या, नीट रचून. ही वाट त्यांच्या वावरातून जाते आणि आमच्या शेतात जायला दुसरी नाही. कांदा काढून शेतात पडला होता. रविवारी ट्रॅक्टर येणार होता, आणि वाट उघडली नाही तर तो माल उन्हात भाजून निघणार होता.

दीर काट्यांच्या पलीकडेच उभे होते.

“वहिनी, मोजणीची नोटीस आमाला न्हाई आली.”

“कसली मोजणी, भावजी?”

“तीन पायाचं यंत्र रोज बांधावर हुभं ऱ्हातंय. लाल लाईट मारतंय. आमाला एवढंबी कळत न्हाई व्हय?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बटण दाबताना हात हलू नये म्हणून मी टायमर लावत होते, त्याचा लाल दिवा लुकलुकायचा. आणि गावात तीन पायांची घोडी बांधावर येते ती फक्त मोजणीलाच. त्यात मी कचेरीतली बाई. त्यांनी त्यांच्या परीने हिशेब लावला होता: कचेरीतून माणूस आणायचा, नोटीस द्यायची नाही आणि उजाडायच्या आत हद्द फिरवून घ्यायची.

मी फोटो काढते म्हणाल्यावर त्यांनी फोटो मागितले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी एकेक पुढे सरकवत गेले.

“हे तर समदं काळं हाय. जमीन कुठं गेली?”

“उजेड कमी पडला.”

“आभाळात लई पडला, आन माझ्याच वावरात न्हाई पडला व्हय?”

एक्सपोजर म्हणजे काय ते मी सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. एकही शब्द पटला नव्हता हे दिसत होतं. लपवायचं असेल तेच माणूस काळं करतं, असं त्यांना वाटत असणार. त्यांच्या जागी मलाही तेच वाटलं असतं. शेवटी मी म्हणाले, उद्या माझ्या शेजारी उभे राहा, तुमच्यासमोर काढते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधीच येऊन थांबले होते. सूर्य वर यायच्या आधी, आभाळ आणि जमीन यांच्यातला फरक कमी असतो तेव्हाच, मी एका चौकटीचे तीन फोटो काढले. पहिला आभाळाचा उजेड मोजून, दुसरा मधला, तिसरा जमिनीचा. भीमाशंकरच्या गाडीचे दिवे रस्त्यावरून चौकटीत शिरले तेव्हा गाडी पुढे जाईपर्यंत थांबले. दीर माझ्या बोटांकडे बघत होते, आभाळाकडे नाही.

तिसऱ्या फोटोत आभाळ पार पांढरं पडलं होतं, पण बांध आला होता. ढेकूळ न् ढेकूळ, गवत, मधोमध दगड. दिरांनी कॅमेरा हातात घेतला. मोठं करून कसं बघायचं ते विचारलं आणि दगडाच्या दोन्ही बाजू बराच वेळ तपासल्या. मीही त्यांच्या खांद्यावरून वाकून बांधाची कड बघत होते. ताजं कुठे कोरलेलं दिसलं नाही. जुनं त्यात कळणार नव्हतं.

“दगड जागेवर हाय,” ते म्हणाले, जणू मी तो परत आणून ठेवला होता.

“मलाही दिसतोय,” मी म्हणाले.

त्यांनी काटे ओढून बाजूला केले. अट घातली: ट्रॅक्टर येऊ दे, पण तीन पायाचं यंत्र बांधावर परत दिसता कामा नये. मी म्हणाले, अंधूक उजेडात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, हातात धरला तर फोटो हलतो. त्यांनी हद्दीच्या दगडाकडे हात केला.

“त्याच्यावर ठिवा. त्यो कुठं हलत न्हाई.”

हे मला उद्देशून होतं की काय, ते मी त्यांच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला. कळलं नाही. कांद्याची एक रिकामी गोण घडी करून दगडावर ठेवली, वर कॅमेरा ठेवला. या वेळी मधलंच माप धरलं, टायमर लावला. लाल दिवा लुकलुकला. दीर समोर बाभळीखाली जाऊन उभे राहिले होते; ते चौकटीच्या बाहेर सरकले नाहीत, मीही त्यांना सरका म्हणाले नाही. फोटोत आभाळ जरा फिकं आलं, जमीन जरा गडद, पण दोन्ही दिसतात. आणि बाभळीखालचा माणूसही, चेहऱ्यासकट.

रविवारी ट्रॅक्टर आला, कांदा घरी पोचला. तिवई घरात कपाटामागे आहे. काटे मात्र दिरांनी घरी नेलेले नाहीत. वाटेच्या कडेलाच रचून ठेवलेत, ओढले की आडवे पडतील असे. पिशवीत टॉर्चबरोबर मी आता काटे तोडायला कोयताही टाकते.