नामदेवरावांचे लांब शब्द

चाळिशी उलटेपर्यंत नामदेवरावांचं इंग्रजीवाचून काही अडलं नव्हतं. हैदराबादेत आबिड्सजवळच्या एका कचेरीत त्यांचं सगळं काम उर्दूत चालायचं. छप्पन साली नवे साहेब आले आणि साधं बोलणंही इंग्रजीत सुरू झालं. लांब शब्दावर नामदेवराव अडखळले की साहेब हसायचे, मग सगळी कचेरी हसायची.

म्हणून ते संध्याकाळी तारनाक्याला मनकर्णाबाईंकडे जाऊ लागले. बाई नांदेडकडच्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. शब्दाचे तुकडे पाडायच्या आणि बोटाने टेबलावर ठोके द्यायच्या, जोर असेल तिथे मोठा.

"शेवटी 'शन' आला, की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर."

"ॲ-लो-के-शन," नामदेवराव म्हणायचे. "बाय-फर-के-शन."

"अर्थ सांगू?"

"नक्को बाई. बोलता आलं की बस."

आधी ते पेपरातले शब्द आणायचे. दसऱ्याच्या सुमारास कचेरीतले आणू लागले. 'रिट्रेंचमेंट' शिकवला त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. कपातीचा शब्द तो. अर्थ मात्र त्यांनी सांगितला नाही.

मग एकदा ते म्हणाले, "आज साहेब माझ्याकडे बघून बोलले. सुपर... पुढे काहीतरी."

"सुपरन्यूमररी?"

"हां, तोच!"

सु-पर-न्यू-म-र-री. जोर 'न्यू'वर. थोड्या सरावाने त्यांनी तो इतक्या सफाईने म्हटला, की स्वतःच खूश झाले. बाईंचं बोट टेबलावर थांबलं.

"नामदेवराव, याचा अर्थ, जागेपेक्षा जास्त झालेला माणूस."

नामदेवराव म्हणाले, "गंगूला यातलं काही माहीत नाही." गंगू त्यांची बायको. "मला एक वाक्य शिकवा. कुठंही पाठवा, पण काढू नका."

बाईंनी ते वाक्य घोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून सरळ तारनाक्याला आले. "न अडखळता बोललो, बाई. पण साहेब हसले नाहीत."

"मग बरंच झालं."

"नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं."

नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडलं, मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नामदेवरावांची रवानगी औरंगाबादला झाली. तिथे त्यांना खुर्ची मिळाली, काम मिळालं नाही. समोरून कुणी गेलं की ते उठून उभे राहायचे.

होळीला ते हैदराबादला घरी आले. गंगूने तिकडे बिऱ्हाड न्यायचं म्हणून भांडी पोत्यात भरून ठेवली होती. त्यांनी पोत्याकडे पाहिलं.

"काढ ती बाहेर," ते म्हणाले. "इतक्यात नक्को."