हमदुल्लाभाईंचा गुडमार

हमदुल्लाभाईंना मी मूर्ख म्हणते, आणि तोंडावर म्हणते. शेजाऱ्याला तेवढा हक्क असतो. मूळचे रत्नागिरीचे, इथे शारजात, अल नहदात आमच्याच मजल्यावर राहतात, आणि गेली एकोणीस वर्षं खोर फक्कानच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतात. एवढा दांडगा माणूस, पण यंदा कंपनीच्या डॉक्टरने पार खचवला. उपाशीपोटी साखर दोनशे सत्तर. पंधरा दिवसांत दीडशेच्या आत आली नाही तर गाडी बंद. गाडी बंद म्हणजे व्हिसा खलास आणि त्यांच्या लेकीची, यम्नाची बारावी अर्ध्यात.

मग त्यांच्या बायकोच्या, मरियमबीच्या बहिणीने गावाहून साखर उतरवणारा म्हणून गुडमारचा वाळका पाला पाठवला. शिवाय इथल्या दुकानातून त्याच पाल्याच्या भुकटीचं पाकीट आलं. लिफ्टमध्ये ते मला पाकीट वाचून दाखवायचे: लोह एवढं, कॅल्शियम एवढं, प्रथिनं एवढी. देवाची पोथी वाचावी तसे वाचायचे.

"आणि डॉक्टरच्या गोळ्या?" मी विचारलं.

"त्या पण चालू, ताई. पाला पण, गोळ्या पण. डबल डोस! रात्रीचं जेवण पण सोडलंय. सोमवारी चेकिंग आहे, इन्शाल्ला पास."

"डॉक्टरला विचारलंत का?"

"डॉक्टर को क्या, ताई? उसकी नौकरी थोडी जा रही है."

मी चिडले, पण पुढे बोलले नाही. माणसाच्या पोटावर पाय आलेला असताना कोणत्या तोंडाने बोलणार? तेव्हा बोलायला हवं होतं, हे आज स्वतःलाच शिव्या घालत कबूल करते.

रविवारी सकाळी मरियमबीने आमचं दार बडवलं. "ताई, जल्दी या! हे कसंतरीच करतायत!"

हमदुल्लाभाई सोफ्यावर घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि बायकोलाच मावशी समजून खाला म्हणून हाक मारत होते. माझ्या सासूबाई मधुमेहाच्या, त्यामुळे साखर उतरलीय हे मी लगेच ओळखलं. मरियमबीने चमचाभर साखर त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी ती थुंकून टाकली.

"रेती! मला रेती का चारता?"

दुसरा चमचाही थुंकला. मान खाली कलायला लागली. तेव्हा मरियमबीने कपाळावर हात मारला. "हाय अल्ला, अर्ध्या तासापूर्वी मूठभर पाला चावला यांनी! तो खाल्ला की गोड कळतच नाही."

"मग पाण्यात विरघळव!" मी ओरडले. पाच चमचे साखरेचं ते पाणी तिने साधं पाणी म्हणून ओठाला लावलं, आणि साधं पाणी समजूनच ते घोट घोट प्याले. यम्ना फोनवर रडत होती, "प्लीज कम फास्ट, माय डॅड इज अ डायबेटिक!"

अँब्युलन्सवाल्यांनी बोटातून रक्त घेतलं. एकेचाळीस. त्यांनी ग्लुकोजचं सलाईन लावलं. त्यांच्यातला केरळचा एक जण पाल्याचं पाकीट आणि गोळ्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "मॅडम, ये ड्रायव्हर है ना? ऐसे गिरा तो कंपनी अब गाडी नहीं देगी."

मरियमबीने ते ऐकलं. तिने दुपट्टा तोंडात कोंबला.

स्ट्रेचरवर हमदुल्लाभाईंनी डोळे उघडले. माझा हात धरला. "ताई, किती आली?"

खोटं सुचलं नाही. "एकेचाळीस."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हसले. "मरियम, ऐकलंस? उद्या पास!"