फिरंग्याचा मान

चहा घ्या, पण त्या बंद दाराकडे पाठ करून बसू नका. माझी कशी शोभा झाली ते सांगते. तेव्हापासून मला बंद दारं आवडत नाहीत!

मी पनवेलच्या एका शाळेत पोर्तुगीज शिकवते. हसू नका हो! संस्थेचे नवे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी येऊन ठरवणार होते, हा वर्ग ठेवायचा की बंद करायचा. वर्ग गेला की माझी नोकरीही गेली. म्हणून आदल्या दुपारी मी मुलांची तालीम घेतली. खोली कुठली, तर जुनी प्रयोगशाळा. लाइट गेलेली, बाहेर आभाळ काळं, कोपऱ्यात हाडांचा सापळा आणि मागे सामानाची बंद खोली.

उभयान्वयी अव्ययं शिकवायला मी इतिहासाचा उतारा घेतला होता, वेढ्यात अडकलेल्या पोर्तुगीज कप्तानाचा. मी अर्धं वाक्य म्हणून अव्ययावर थांबायचं, पुढचं मुलांनी पुरं करायचं. सगळं पोर्तुगीजमध्ये.

"कप्तान जहाजाची वाट बघत होता, मश…" मश म्हणजे पण.

मुलं वह्या चाळायला लागली. आणि मागच्या बंद खोलीतून खरखरीत म्हाताऱ्या आवाजात, अस्सल पोर्तुगीजमध्ये उत्तर आलं, "जहाज आलंच नाही."

अहो, हातातला खडूच पडला माझ्या!

"बाई, आत कोन हाय?" विचुंब्याची प्रणाली कुजबुजली.

"कोणी नाही गं. वारा असेल."

वारा पोर्तुगीज बोलतो होय? पण पोरांना सांगणार काय! मी आवाज चढवून पुढचं वाक्य घेतलं, "कप्तान मेला, पोर्के…" पोर्के म्हणजे कारण.

आत कुणीतरी लांब उसासा टाकला. "त्याला पाणी कोणी दिलंच नाही."

हे तर उताऱ्यात नव्हतंच! मी वर्गाच्या दाराकडे धावले.

दारात आमच्या शिपाई शेवंतामावशी उभ्या होत्या, उरणच्या. "बाई, ह्यो खाडीवरचा फिरंगी. त्याला मान द्यावा लागंल. नाय दिला त सोडायचा नाय."

"पण मावशी, फिरंग्याला नारळ चालतो का?" हे मी विचारलं. एम.ए. झालेल्या बाईने!

"नारल आपल्या देवाला. त्याला मेनबत्ती न् पाव."

एका मुलाच्या डब्यात वडापाव निघाला. फिरंग्याला तिखट सोसणार नाही म्हणून मी वडा काढून घेतला. दारापाशी पाव ठेवला, पाण्याचा ग्लास ठेवला, मेणबत्ती लावली आणि हात जोडून पोर्तुगीजमध्ये विनवलं, "साहेब, आता घरी जा. उद्या आमचे अध्यक्ष येणार आहेत, ते आधीच खडूस आहेत म्हणे."

आतली कडी वाजली. दार करकरत उघडलं. पांढरे कपडे, पांढरे केस! मुलं किंचाळली, मावशी पळाल्या आणि मी सापळ्याच्या गळ्यात पडले.

"पाव दिलात, वडा कुठाय?"

अध्यक्ष! रोडपालीचे, तरुणपणी मोझांबिकच्या बंदरात काम करताना पोर्तुगीज शिकलेले. समोर बसलं की सगळेच चांगलं शिकवतात, म्हणून आदल्याच दिवशी मागच्या दाराने येऊन ऐकत बसले होते. त्या कोंदट खोलीत घसा सुकला होता त्यांचा. आधी ग्लासभर पाणी घटाघटा प्यायले.

संपलं, म्हटलं. गेली नोकरी. ते वर्गाकडे वळले आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "वर्ग चालू राहील, मश…" आणि थांबले.

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई भुताला घाबरतात!"

तेही पोर्तुगीजमध्ये, एकही चूक नाही. शिकवलं कुणी? मीच!