आमचे नाय-मिस्त्री

आमचे विजेचे मिस्त्री फाटकातून आत येताना आधी ‘नाय’ म्हणत, काय हवंय ते नंतर ऐकत. चिकलठाण्याच्या आमच्या वसाहतीत सगळे त्यांना नाय-मिस्त्रीच म्हणत. सत्तरीकडे झुकलेले, पायात रबरी चपला, खिशाला टेस्टर. मेन बंद केलाय असं मी कितीदा सांगितलं तरी स्वतः तपासल्याशिवाय तारेला बोट लावत नसत. “तुमच्यावर भरवसा हाय बाई, तारेवर नाय.”

अंगणातले सहा खांबदिवे ही आमच्या ह्यांची हौस. हे गेले, मुलगा पुण्याला गेला, दिवे तेवढे राहिले. ते बसवणाऱ्यानं घरातली साधी वायर पाइपाविनाच मातीत पुरली होती. झाडांना पाणी घातलं की जोडात ओल शिरायची आणि ब्रेकर पडून दिवे विझायचे. मी फोन करायची. मिस्त्री जोड उघडून वाळवायचे, पुन्हा बांधायचे आणि दर खेपेला बजावायचे, “ही वायर काढा. जाड वायर पाइपातून नेऊ, खांबांना अर्थिंग देऊ. लई दिवस ढकललंत.”

मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायची. खरं सांगते, वायर बदलली असती तर ते आले कशाला असते? काम अर्ध्या तासाचं, पण मग पायरीवर चहा व्हायचा, त्यांच्या गावच्या, पिशोरच्या शेताच्या गोष्टी निघायच्या. अख्ख्या आठवड्यात माझ्याशी तेवढंच कुणी बोलायचं.

एकदा मी सहज म्हटलं, “मोठा ब्रेकर टाका की, पडणारच नाही.” ते भडकले. “ब्रेकर दिव्यासाठी नसतो बाई, वायरीसाठी असतो. ही वायर दहा अँपियरची. बत्तीसचा बसवला तर वायर जळंल, तरी तो पडायचा नाय!”

गेल्या दिवाळीत मुलगा, सून आणि नातू चार दिवस आले. पहिल्याच संध्याकाळी अंगणात अंधार. मिस्त्री गावी गेलेले. मुलानं दुकानातून माणूस आणला, त्यानं दहाचा काढून बत्तीसचा बसवला. मला सगळं ठाऊक होतं. पण चार दिवसांसाठी आलेल्या लेकाला तोडून बोलायचं जिवावर आलं. दिवे लागले आणि नातू चारही दिवस खांबांना धरून गोल गोल फिरला.

मुलगा-सून पुण्याला परतले आणि मिस्त्री फराळाला आले. बोर्डावरचा बत्तीसचा पाहून तडक अंगणात गेले. तिसऱ्या खांबाला टेस्टर टेकवला, टेस्टरचा दिवा पेटला. मेन पाडून माती उकरली. वायरीवरचं प्लास्टिक वितळून तांबं खांबाला चिकटलं होतं.

“पोरगं इथंच खेळलं?”

मी मान हलवली. नातवाच्या पायात दिवाळीचे नवे बूट होते, म्हणून निभावलं. मी पायरीवर बसले आणि रडत रडत त्यांना सांगून टाकलं, इतकी वर्षं वायर का बदलली नाही ते.

त्यांनी टेस्टर खिशाला लावला. मग म्हणाले, “चहाला बोलवायचं तर नुसतं बोलवायचं, बाई. त्यासाठी वायर कशाला कुजवायची?”

तीन दिवस राबून त्यांनी सगळं नव्यानं केलं. वायर, पाइप, अर्थिंग आणि वायरीला साजेसा ब्रेकर. वयानं आता काम झेपत नव्हतं. ते त्यांचं शेवटचं काम. आता ते कायमचे पिशोरला, मुलाकडे असतात.

मी अधूनमधून फोन करते. “दिवं लागत्यात ना?” एवढंच विचारतात. लागतात, सहाच्या सहा. वर्षभरात एकदाही विझले नाहीत. विझले म्हणून खोटं सांगावं, असं दर वेळी अगदी ओठांवर येतं.